प्रमाणवाले गुरुजी

गुरुजींना मोटरसायकलच्या मागं बसायचं असलं की आधी ते खांद्यावरचं उपरणं काढायचे, त्याची चौघडी घालायचे, ती गुडघ्यांखाली घ्यायचे आणि मगच सायलेन्सरच्या तोंडाशी वाकायचे. सत्यनारायणाच्या चौरंगापुढं बसावं तसे. येणारे-जाणारे थांबून हसायचे. गुरुजी मान वर न करता गाडीच्या मालकाला विचारायचे, "हिचं प्रमाण काय?"

आता गाडीला प्रमाण असतं हे त्या बापड्याला काय माहीत. एकानं घाबरून पीयूसीचं प्रमाणपत्र काढून दाखवलं होतं. गुरुजींनी ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "हे पत्र झालं. प्रमाण कुठाय?"

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला स्वतःचं काम सोडून दुसऱ्याच्या धंद्यात अक्कल पाजळायची हौस असते. आमच्या वाट्याला हे आले होते. धंद्यानं भिक्षुक. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण. ताडकळसपासून पूर्णेपर्यंत आणि इकडं झरीपर्यंत त्यांचे यजमान पसरलेले. माणसानं मंत्र म्हणावेत, दक्षिणा घ्यावी, जेवावं आणि घरी जावं. पण नाही. यांना हवा आणि पेट्रोल किती-किती मिसळलंय ते बघायचं होतं.

प्रमाण हा शब्द मोठा सोयीचा. किती म्हणूनही प्रमाण आणि कशावरून म्हणूनही प्रमाण. गुरुजी दोन्ही अर्थांनी माणसाला बेजार करायचे. आचाऱ्याला विचारायचे, प्रसादाच्या रव्याला साखर किती, प्रमाण काय? तो म्हणाला, सगळं सव्वा-सव्वा, की लगेच पुढचा प्रश्न, सव्वाच का, त्याला प्रमाण काय? आचारी शहाणा असला तर झारा आपटून गप्प बसायचा. नवरदेवाचा मामा म्हणाला, मुलगा इंजिनिअर आहे, तर त्याला अंतरपाटाआडून विचारलं होतं, कशावरून? त्या लग्नात मी होतो. अक्षता हातात धरून लोक खालमानेनं हसत होते.

माझं ताडकळसला स्टँडजवळ गॅरेज आहे. तीस-बत्तीस वर्षं झाली. मी शाळा आठवीत सोडली, पण माझा कान पंचक्रोशीत माहीत होता. रस्त्यावरून गाडी गेली तर मी आत पाना फिरवता फिरवता सांगायचो की हिचे टॅपेट वाजायलेत, हिची चेन ढिली हाय. कार्बोरेटर लावायचा म्हणजे एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसरा हात अ‍ॅक्सिलेटरवर, डोळे बंद. हवेचा स्क्रू फिरवत राहायचं आणि ऐकत राहायचं. आवाज बारीक होऊन अडखळला की पेट्रोल कमी. घुमला, जड झाला की जास्त. मधे एक जागा असते, तिथं इंजिन खुशीत येतं. ती जागा मला सापडायची. लोक परभणीहून गाडी घेऊन यायचे, खोटं सांगत नाही.

म्हणून गुरुजी पहिल्यांदा मीटर घेऊन गॅरेजात आले तेव्हा माझं डोकंच फिरलं.

त्यांच्याकडं जुनी शंभर सीसीची गाडी होती, कार्बोरेटरवाली. त्यांनी काय केलं होतं बघा. भंगारवाल्याकडून नव्या मोडक्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर आणला. वेल्डरला गाठून सायलेन्सरच्या बेंडपाइपला भोक पाडून नट डकवून घेतला, त्यात तो सेन्सर बसवला. त्याची वायर टाकीखालून हँडलवर. आणि हँडलवर पिवळा मल्टिमीटर, पूजेच्या तांबड्या-पिवळ्या नाड्यानं करकचून बांधलेला. टाकीच्या कव्हरमध्ये पंचांग. मागं पूजेची पिशवी. असा तो सगळा संसार दारात उभा केला आणि मला म्हणाले, "मिस्त्री, तुमी काल लावून दिलेली गाडी दाट चालायलीय."

दाट आणि पातळ हे शब्द त्यांचे. आम्ही गॅरेजवाले पेट्रोल जास्त, पेट्रोल कमी असं म्हणतो. हे म्हणजे पिठल्याची चौकशी.

मी विचारलं, कशावरून? आणि विचारल्याबरोबर पस्तावलो, कारण याच प्रश्नाची ते वाट बघत होते. अर्धा तास मला उभं करून समजावलं. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर सेन्सर गप्प बसतो, उरला नसेल तर वीज सोडतो. मीटरचा आकडा चढला की पेट्रोल जास्त, उतरला की हवा जास्त. मधोमध पॉइंट पंचेचाळीस. तिथं चौदा-साडेचौदा भाग हवेला एक भाग पेट्रोल, ना हवा वाया ना पेट्रोल. नव्या गाड्यांत हेच गणित आतला कॉम्प्युटर करतो, सेन्सरला विचारून पेट्रोल कमी-जास्त सोडतो. आपल्या गाडीत कॉम्प्युटर नाही तर आपण करायचं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की दक्षिणेचं पाकीट फुगीर निघाल्यावरही तो तसा उजळत नसे.

मी म्हणालो, गुरुजी, तुमी मंत्र म्हणा, मी स्क्रू फिरवतो. प्रत्येकानं आपलं बघावं. चार गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. गुरुजी हसले नाहीत. मीटरवरचा आकडा पंचांगाच्या समासात, त्या दिवसाच्या तिथीशेजारी, बारीक अक्षरात लिहून घेतला आणि निघून गेले. त्या पंचांगात एकादशीच्या बाजूला पॉइंट ऐंशी आणि अमावास्येच्या बाजूला पॉइंट तीस असं काय-काय लिहिलेलं असायचं.

पुढं त्यांनी हातभर लांबीची एक लोखंडी नळीही करून घेतली. तिच्यात दुसरा सेन्सर. ही नळी कुणाच्याही सायलेन्सरमध्ये खुपसायची, वायर आपल्या बॅटरीला जोडायची आणि मीटर बघायचा. बाजाराच्या दिवशी देवळासमोर लावलेल्या गाड्या ते तपासत बसायचे. कुणी म्हणायचं, गुरुजी गाड्यांची नाडी बघायलेत. कुणी म्हणायचं, नवग्रहशांत करायलेत, धूर शांत होतो का बघू. मीही म्हणायचो. सगळ्यांत जास्त मीच म्हणायचो.

एकदा मात्र मला देव पावला. चैत्र-वैशाखातली लग्नसराई, ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. गुरुजींनी आपल्या गाडीचं मिश्रण पॉइंट पंचेचाळीसवर आणायचंच असा हट्ट धरून सगळीकडं पातळ करून टाकलं होतं. मी सांगितलं होतं की उभ्या गाडीचं वेगळं आणि ओझं घेऊन पळणाऱ्या गाडीचं वेगळं, ओझ्याला पेट्रोल जास्तच लागतं, नाहीतर इंजिन तापतं. त्यांनी विचारलं, प्रमाण काय? मी म्हणालो, तीस वर्षं. ते म्हणाले, तीस वर्षं हे वय झालं.

मग काय, पूर्णेच्या अलीकडं, भर दुपारी, लग्नाला जाताना गाडी तापून जाम झाली. मागं पिशवी, वर सूर्य, आजूबाजूला नांगरून टाकलेली रानं. मांडवाचं सामान नेणाऱ्या टेम्पोत खुर्च्यांच्या ढिगावर बसून गुरुजी लग्नघरी पोचले तोवर मुहूर्त टळून गेला होता. पण भिक्षुक माणूस हुशार. पंचांग उघडून त्यांनी पंचवीस मिनिटांनंतरचा दुसरा मुहूर्त काढून दिला, तोच कसा जास्त चांगला हेही सांगितलं. पंचांगात दुसरा मुहूर्त निघतो हो. पिस्टन दुसरा विकत आणावा लागतो.

ती गाडी माझ्याकडंच आली. मी आठ दिवस गावभर ही गोष्ट सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. गुरुजी गाडी न्यायला आले तेव्हा पाच-सहा जण मुद्दाम येऊन बसले होते, आता तोंड कसं लपवतो ते बघायला. गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मिस्त्री, तुमचं बरोबर निघालं. भाराला दाट लागतं." आणि पंचांगात लिहून घेतलं. लोकांची मजाच गेली. माणसानं हरावं तर जरा नीट हरावं, तेवढंही यांना जमलं नाही.

मला हे जमलं नसतं, तेही लगेच सांगून टाकतो, कारण पुढच्या खेपेला पाळी माझी आली. एकाची नवी गाडी, सेन्सरवाली. इंजिनचा दिवा लागलेला आणि पेट्रोल पाण्यासारखं पितेय. मी सगळं उघडून बघितलं, काही सापडेना. आमच्या धंद्यात सापडलं नाही की एकच इलाज असतो, सेन्सर काढून फेकून द्यायचा आणि म्हणायचं, कंपनीचं फॅड हाय. मी वायर तोडणार तेवढ्यात गुरुजी आले. बेंडपाइप जिथं इंजिनला बसतो तिथं त्यांनी हात धरला आणि म्हणाले, फुसफुस लागायलीय. गेल्या महिन्यात मीच तो पाइप काढून परत बसवला होता आणि आतली तांब्याची रिंग घालायची राहिली होती. त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती. सेन्सर म्हणत होता, लय हवा हाय, लय हवा हाय, आणि कॉम्प्युटर पेट्रोल ओतत होता.

"सेन्सर खोटं बोलत न्हाई मिस्त्री," गुरुजी म्हणाले. "त्याच्यापर्यंत जे पोचतं तेच तो सांगतो."

मी रिंग बसवली. दिवा गेला. तुमचं बरोबर निघालं असं मी म्हणालो का? नाही. मी म्हणालो, आता सरका, उजेड अडवायलात.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या गिऱ्हाइकांची एक नवी तक्रार सुरू झाली. अ‍ॅव्हरेज पडलं. जो येतो तो तेच. मिस्त्री, तुमी गाडी लावून दिली पण पेट्रोल लय खायलीय. आधी साठ द्यायची, आता पंचेचाळीसवर आली. मी एकेकाला झाडायचो. पेट्रोलमध्ये उसाचं स्पिरिट मिसळायलेत, पेपर वाचत जा जरा, मी काय टाकीत तोंड घालून पितो का? लोकांना ते पटायचं. सरकारला शिव्या द्यायला कुणाला नको असतं? मलाही ते पटलं होतं. गंमत म्हणजे यावर गुरुजी काहीच बोलत नव्हते. मी स्पिरिटचं बोललो की मान हलवायचे आणि दुसरीकडं बघायचे. प्रमाण विचारत नव्हते. मला वाटलं, भटजी शेवटी वठणीवर आला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही गॅरेज धुऊन काढतो, पाने, हातोड्या, पक्कड सगळं रॉकेलमध्ये स्वच्छ करून पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो. पूजेला दरवर्षी गुरुजीच. कितीही भांडलो तरी पूजेला दुसरा भिक्षुक आणायचं माझ्या मनात कधी आलं नाही, का ते मला विचारू नका. मी हात जोडून डोळे मिटून बसलो होतो. मंत्र संपले. बराच वेळ शांत वाटलं म्हणून डोळे उघडले, तर गुरुजी माझ्या उजव्या कानाशेजारी हात धरून बसले होते आणि हातातली छोटी घंटी हलत होती. हलत होती, पण मला काही ऐकू येत नव्हतं.

बायको पलीकडं उभी होती, ती घंटीकडं बघत होती. गुरुजींनी तिला घरून आणखी झेंडूची फुलं आणायला पाठवलं. फुलं ढिगानं होती. ती गेल्यावर घंटी पिशवीत ठेवली आणि इतक्या हळू बोलायला लागले की मला पुढं सरकावं लागलं.

ते म्हणाले, "स्पिरिटनं मिश्रण पातळ व्हायला पाहिजे. तुमच्याकडून निघणारी गाडी दाट निघायलीय. म्हणजे पेट्रोल न्हाई, दुसरं काहीतरी हाय." मग पंचांग उघडलं. माझ्या हातून गेलेल्या अकरा गाड्या त्यांनी नळी लावून तपासल्या होत्या. अकराच्या अकरा दाट. दुसऱ्या मिस्त्रींच्या गाड्याही तपासल्या होत्या, त्यातली कुठली दाट, कुठली पातळ.

"चुकणारा माणूस इकडं-तिकडं चुकतो," ते म्हणाले. "तुमी एकाच बाजूला चुकायलात, तेबी सारखंच. तुमचा हात पक्का हाय, मिस्त्री. कान गेलाय. बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचंना, म्हणून नीट लागलेली गाडीबी तुमाला रोडावलेली वाटते आणि तुमी पेट्रोल वाढवायलात. डॉक्टरला दाखवा."

माझ्या अंगाची आग आग झाली. विचार करा, माझ्याकडं दुसरं होतं काय? शिक्षण नाही, शोरूमसारखी यंत्रं नाहीत, काचेचं ऑफिस नाही. त्या कानावर मी दोन मुलींची लग्नं केली, घर बांधलं. ताडकळसच्या बाजारात एकदा जर कुणी म्हणालं की मिस्त्रीला ऐकू येत नाही, तर दुसऱ्या बाजारापर्यंत माझ्या दारात सायकलसुद्धा थांबली नसती. आणि हा माणूस, ज्यानं स्वतःचं इंजिन जाळलं, तो खंडेनवमीच्या दिवशी माझ्या हत्यारांसमोर बसून मला हे सांगत होता.

मी उठलो, त्यांची पिशवी उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली. म्हणालो, "भटजी, पुन्हा या दारात यायचं न्हाई."

तोंडावर भटजी म्हणालो ते त्या एकदाच. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, पाटावरच्या हत्यारांना नमस्कार केला आणि दक्षिणा न घेता गेले. बायको फुलं घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, पूजा आटोपली. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, पण तेव्हा मी म्हणालो, ही पुटपुटतेच फार.

त्यानंतरचे काही दिवस मी रोज पहाटे झोपेतून उठलो की कानाचा अंदाज घ्यायचो. चिमण्या ओरडतात का? नळ ठिबकतो का? आणि बाजाराच्या दिवशी वाटायचं, आज गुरुजी बोलले असतील. पण कुणी काही बोललं नाही. उलट झालं असं की महिन्या-दोन महिन्यांत अ‍ॅव्हरेजची तक्रारच बंद झाली. ज्यांना मी झाडून काढलं होतं तेच लोक येऊन म्हणायला लागले, मिस्त्री, गाडी लय झकास झाली, काय कान हाय तुमचा.

मग मला कोण आवरणार? गुरुजींचं नाव न घेता मी सगळं ऐकवायचो. काही लोकांना वाटतं मीटर बांधला की मिस्त्री होता येतं, म्हणायचो. पोथी वाचणाऱ्यानं पोथी वाचावी. गुरुजी रस्त्यानं जाताना दिसायचे, हँडलवर तो पिवळा मीटर, खांद्यावर उपरणं. ते हात वर करायचे. मी पाना शोधत खाली वाकायचो. असं वर्षभर, वर जरा जास्तच.

गुरुजी मागच्या माघात गेले. झरीकडं एकाच्या घरची वास्तुशांत आटोपली, पुरणपोळीचं जेवण झालं, विडा खाल्ला, ओसरीत जरा टेकतो म्हणाले आणि टेकले ते टेकलेच. भिक्षुकाला याहून बरं मरण कुठलं, असं लोक म्हणाले. मीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी बसायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोनं सांगितलं की ते अकरावी सायन्सला होते, वडील अचानक वारले आणि कुळाचे यजमान सांभाळायला पोथी हातात घ्यावी लागली. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मुलगा पुण्याहून आला होता, त्यानं दिवस झाल्यावर गाडी, नळी, मीटर सगळं एका भंगारवाल्याला देऊन टाकलं. आजकालच्या शिकलेल्यांना आवराआवरीची फार घाई.

चैत्रात पहिला माणूस आला. मिस्त्री, अ‍ॅव्हरेज पडलं. मग दुसरा. मग चार-पाच. मी पुन्हा स्पिरिट काढलं, पुन्हा सरकार काढलं. पण झरीकडचा एक शेतकरी, जुनं गिऱ्हाईक, सरळ माणूस, तो स्टुलावर बसून म्हणाला, "तसं न्हाई मिस्त्री. गाडी तुमी चांगलीच लावली असंल. पण ते राहिलेलं काम आता कोण करणार?"

मी विचारलं, कुठलं राहिलेलं?

त्याला नवल वाटलं. म्हणाला, "तेच की, गुरुजी करायचे ते. तुमीच तर त्यास्नी सांगून ठेवलं होतं. गाडी गॅरेजात गार असते, तापल्यावर स्क्रू अर्धा आटा मागं फिरवायचा असतो, मिस्त्रींनी तेवढं काम माझ्याकडं दिलंय, असं म्हणायचे. पूजा झाली की आमची पंगत बसायची आणि गुरुजी अंगणात गाडीमागं बसायचे."

मी त्याला चहा सांगितला. तो गेल्यावर जो कुणी गाडी घेऊन आला त्याला विचारलं, गुरुजी स्क्रू फिरवायचे का? सगळ्यांचं उत्तर एकच. अर्धा आटा. तुमच्या सांगण्यावरून. मी गुरुजींना कधी असं काही सांगितलं नव्हतं. ज्यानं आचाऱ्याच्या सव्वालासुद्धा प्रमाण मागितलं, तो माणूस दारोदार बिनप्रमाण खोटं बोलत फिरला, माझ्या नावासाठी, मी त्याची पिशवी रस्त्यावर ठेवल्यानंतर. आणि मी इकडं त्यालाच टोमणे मारत होतो. लाज वाटली. त्या दिवशी मी दुपारीच शटर खाली ओढलं आणि आत टायरांवर बसून रडलो. इतका राग आला होता त्यांचा. सांगून तरी मरायचं होतं.

घरी जाऊन बायकोला विचारलं, मला ऐकू कमी येतं का? ती म्हणाली, "तीन वर्षं झाली मी ओरडून बोलायलेय. तुमाला वाटतं मी भांडायलेय."

परभणीला डॉक्टरकडं गेलो. त्यांनी कानावर डबे चढवून बसवलं आणि कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ कागदाच्या डावीकडं सरळ, पुढं उजवीकडं घसरत खाली. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत, म्हणाले. हे मला फुकटात सांगणारा एक जण होता. मशीन घेतलं, घरात वापरतो. गॅरेजात गाडी रेस केली की ते कानात असं किंचाळतं की काढून खिशात ठेवावं लागतं.

धंदा चालू आहे. अजून कार्बोरेटरवाल्या गाड्या गावात पुष्कळ आहेत. मी स्क्रूड्रायव्हर घेतो, डोळे मिटतो, ऐकत ऐकत माझी ती जागा शोधतो. सापडते. इंजिन अगदी भरीव, गोड चालायला लागतं. तिथं थांबतो आणि मग स्क्रू अर्धा आटा मागं फिरवतो. गाडी माझ्या कानाला लगेच बिघडते, रोडावते, आजारी वाटते. गिऱ्हाईक विचारतं, झाली का मिस्त्री? मी म्हणतो, झाली. तो खुशीत किक मारून निघतो, आणि वळणापर्यंत मला त्याची गाडी चुकीचीच ऐकू येत राहते.